घासलेली बाजू

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या जुन्या बाजारात सहज फिरताना 150 रुपयांत तीन रेकॉर्ड्स घेतल्या. दोन लहान पण जड आहेत, एक मोठी आणि लवचिक. घरात वाजवायला काही नाही. आई म्हणते, लोकांच्या घरचं भंगार आपल्याकडे कशाला. गाणी तर सगळी फोनवर आहेत. मग या नादाला लागावं का? लागायचं तर काय बघून घ्यावं? आणि यात लोकांना नेमकी मजा कसली येते?

मी 27 वर्षं हेच करतोय, त्यामुळे 'लागू नका' म्हणायला मला तोंड नाही. आईंचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. माझ्या घरात एका खोलीचं दार पूर्ण उघडत नाही ते याच भंगारामुळे. कव्हरांसकट शंभर एलपी (तुमची ती मोठी, लवचिक जात) म्हणजे साधारण 20-25 किलो, हे आधी डोक्यात ठेवा. फळी वाकते, मग भिंतीतला खिळा सुटतो, मग घरात बोलणी होतात.

आधी तुमच्या तीन रेकॉर्ड्सचं बघू. त्या दोन जड म्हणजे 78 च्या. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. माझे आजोबा त्यांना 'प्लेटी' म्हणत. या प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. बांगडीची लाख तीच ही लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली. म्हणून जड आणि म्हणूनच ठिसूळ. हातातून निसटली की परत जुळवायला तुकडेच हातात. तिसरी, लवचिक, ती व्हिनाइलची एलपी. मिनिटाला 33⅓ फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं. हे दोन वेगळे प्राणी आहेत. त्यांची सुई वेगळी, धुणं वेगळं, दुखणी वेगळी.

धुण्याचं आधी सांगतो, कारण घरी गेल्यावर तुम्ही पहिलं तेच करणार. एलपीला डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब, मऊ फडकं, पुसायचं ते रेघांच्या दिशेने, गोल. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. 78 च्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल, स्पिरिट, कोलनवॉटर यातलं काहीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सुरुवातीच्या वर्षात बालगंधर्वांच्या एका पदाची रेकॉर्ड मिळाली होती, वर बोटाबोटाची धूळ. मी उत्साहाने इंजेक्शनच्या आधीचं ते स्पिरिट कापसावर घेतलं आणि पुसायला लागलो. कापूस काळा झाला. वाटलं, काय मळ होता! दुसरा कापूस घेतला, तोही काळा. तिसऱ्या बोळ्याला लक्षात आलं की मळ कधीच संपलाय, आता गंधर्वच निघतायत. ती रेकॉर्ड अजून आहे. एका कडेला चार बोटं रुंद मुका पट्टा आहे, तिथे नुसता पाऊस पडतो आणि पावसाच्या पलीकडे कुणीतरी गातंय असं वाटतं. तेव्हा 78 ला कोमट साधं पाणी, साबणाचा थेंब, लगेच कोरडं करणं, बस्स.

आता विकत घेताना काय बघायचं. 78 ची रेकॉर्ड मडक्यासारखी वाजवून घ्या. मधल्या भोकात बारीक काडी घालून अधांतरी धरायची आणि कडेला नखाने हलकी टिचकी मारायची. चांगली असेल तर चिनी मातीच्या बशीसारखा टणक आवाज येतो, केसाएवढी जरी चीर असली तरी बद्द वाजते. चीर डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळते. एलपीला टिचकीचा उपयोग नाही. ती कव्हरातून पूर्ण बाहेर काढा, विक्रेता कितीही 'एकदम कंडिशन साहेब' म्हणाला तरी. उन्हात तिरपी धरा. ओरखडा दिसला तर नख फिरवा. नखाला लागला तर वाजताना टक् टक् करणार, नुसता दिसतोय पण लागत नाही तर बहुतेकदा चालून जातो. डोळ्यांच्या पातळीला आडवी धरून पापड झालाय का बघा. दुधाळ ठिपके असतील तर ती बुरशी, कोकणातून आणि मुंबईतून आलेल्या मालात हमखास. बुरशी बरीचशी धुऊन जाते. पण जुन्या प्लास्टिकच्या आतल्या पिशवीने रेकॉर्डवर धुकं धरलं असेल तर ते काही जात नाही, अशी रेकॉर्ड सोडून द्या.

कव्हरावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडच्या ढिगात निम्म्या रेकॉर्ड्स दुसऱ्याच्याच कपड्यात असतात. मी एकदा भावगीतांचं सुंदर कव्हर बघून घाईने पैसे दिले, घरी येऊन काढतो तर आत जिम रीव्ह्ज, अमेरिकेतला कंट्री गायक. भारतातल्या कुठल्याही जुन्या रेकॉर्डच्या ढिगात जिम रीव्ह्ज असतोच, हा या धंद्यातला एकमेव अढळ नियम. गोव्यात तर त्याच्यावाचून ढीग पुरा होत नाही.

यानंतर जे बघायचं ते मला शिकवायला कोणी नव्हतं, आणि माझ्या मते खरी मजा इथे सुरू होते. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक पांढरट रेषा असतात. रेकॉर्ड लावताना दांडा भोकात नीट बसेपर्यंत माणूस चाचपडतो, त्याचे ते ओरखडे. जितक्या रेषा, तितक्या वेळा ती लावली गेलेली. मग रेघांचा रंग बघा. नवी 78 काळीशार चमकते; पोलादी सुईने शेकडो वेळा घासलेली पाटीसारखी करडी होते. आणि बहुतेक रेकॉर्ड्सची एक बाजू करडी असते, दुसरी चमकत असते. त्या घरात काय आवडत होतं ते तुम्हाला घरात न जाता कळलं. कंपनीने जे गाणं मोठं मानून पहिल्या बाजूला टाकलं ते कोरं, आणि भरतीला म्हणून मागे टाकलेलं झिजून गेलेलं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

एलपीवर हेच जरा वेगळं दिसतं. शास्त्रीय संगीताच्या एलपीत मैफलीप्रमाणे भैरवी पुष्कळदा शेवटी, म्हणजे लेबलजवळ. रेकॉर्ड फिरते एकाच गतीने, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर रेघ सरकते आणि आत येईपर्यंत वीसेक सेंटिमीटरच. तेवढंच संगीत कमी जागेत कोंबलेलं, म्हणून आवाज आत येता येता चिरकतो आणि झीजही तिथेच जास्त ऐकू येते. त्यात लोक भैरवीवरच सुई पुन्हा पुन्हा ठेवणार. जुन्या एलपीत भैरवी धड मिळाली तर ती दोन पैसे जास्त देऊन घ्यावी.

यातून एक गोष्ट उफराटी निघते. बाजारात सगळे 'मिंट'च्या मागे असतात, कोरीकरकरीत. पण 60 वर्षं कोरी राहिलेली रेकॉर्ड म्हणजे 60 वर्षं कोणी न लावलेली रेकॉर्ड. विकायला ती चांगली. मला घासलेली आवडते. ऐकण्यासाठी बरी प्रत असतेच, पण घासलेलीही मी फेकत नाही.

फोनवर सगळं आहे, या मुद्द्याचंही इथेच उत्तर येतं. सगळं नाही, पण पुष्कळ आहे हे खरं. ते कुणाचं तरी निवडून, साफ करून, पट्टी ठरवून ठेवलेलं असतं. पट्टीचंच घ्या. '78' हा आकडा पुढे पक्का झाला. त्याआधीची ध्वनिमुद्रणं सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही गतीची असत. मिनिटाला 74 फेऱ्यांनी मुद्रित झालेली रेकॉर्ड 78 ने फिरवली तर गवई जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो. काळी एकचा माणूस पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, आवाज बारीक, तान घाईची. इंटरनेटवर अशी चढलेली गाणी पुष्कळ फिरतायत. गती बदलता येणारा प्लेअर असेल तर तुम्ही तंबोऱ्यासारखी रेकॉर्ड 'लावू' शकता, आवाज माणसाचा वाटेपर्यंत. एका रविवारी अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930 च्या दशकातली ओडियन कंपनीची रेकॉर्ड मी अशी तासभर खालीवर करत बसलो होतो. घरचे जेवायला थांबले होते.

आणि तीन मिनिटं! मैफलीत तासभर चालणारा राग या लोकांनी तीन मिनिटांत बसवला. प्रस्तावना नाही, तबलजीला बघून मान हलवणं नाही, पहिल्या श्वासात राग समोर उभा. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला ध्वनिमुद्रण करायला आला तेव्हा तिथली गायिका गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. रेकॉर्ड छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळायला हवं, म्हणून ही सोय. छपाई पुढे इथे, कलकत्त्याच्या कारखान्यात व्हायला लागली. पण ती नाव सांगायची खोड काही काळ टिकली. अशी एखादी रेकॉर्ड ढिगात मिळेल या आशेवर मी नाही, तुम्हीही राहू नका.

मिळण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. लेबलं वाचायची सवय लावा. कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही सगळ्यांना माहीत असते, पण मुंबईत वडाळ्याला कारखाना असलेल्या 'यंग इंडिया'ची रेकॉर्ड दिसली तर हातची सोडू नका. ती कंपनी 1935 ते 1955 एवढीच चालली. हिंदी चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्ड्सवर गाणाऱ्याचं नाव नीट बघा. पार्श्वगायकांना तेव्हा पुष्कळदा नाव देत नसत, पडद्यावरच्या पात्राचं देत. 1949 च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या रेकॉर्ड्सवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलंय. कामिनी म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव, गळा लता मंगेशकरांचा. भारतात 78 च्या रेकॉर्ड्स 1960 च्या दशकातही निघत होत्या, पाश्चात्त्य देशांनी सोडून दिल्यावरही. त्यामुळे बीटल्सची गाणीही आपल्याकडे 78 वर छापली गेली, आणि परदेशी संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. मराठीत सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या गीतरामायणाच्या दहा एलपींचा संच प्रसिद्ध आहे. तो अख्खा क्वचितच मिळतो. वाटण्या होताना तो फुटतो, एकाकडे तीन, दुसऱ्याकडे सात. माझ्याकडे आठ आहेत, त्याही चार वेगवेगळ्या घरांतल्या. उरलेल्या दोन कुणाकडे तरी असणारच.

कुठे मिळतं? पुण्यात जुना बाजार तुम्हाला माहीतच आहे, बुधवार आणि रविवार. सकाळी लवकर जा. दहानंतर जे उरतं ते आमच्यासारख्यांनी हात लावून ठेवलेलं असतं. मुंबईत चोर बाजार, मटण स्ट्रीट. तिथली दुकानं शहाणी आहेत, त्यांना भाव माहीत असतात, पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जो माल पसरतो त्यात अजून नशीब असतं. खरा माल मात्र बाजारात येण्याआधी कुठून येतो ते बघा. सदाशिव-नारायण पेठेतला वाडा पडतो, गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाते, माळ्यावरून ट्रंक निघते. नव्या फ्लॅटला माळा नसतो. भंगारवाला ती किलोवर उचलतो. माझे दोन भंगारवाले आणि एक रेडिओ दुरुस्तीवाले काका ठरलेले आहेत. दिवाळीला त्यांच्याकडे फराळ जातो. बाकी काही गुपित नाही.

भावाचं माझ्या अनुभवापुरतं सांगतो. साधी 78 पन्नास-शंभरात मिळावी. हिंदी चित्रपटाची बरी एलपी आता पाचशेच्या खाली क्वचित. तुम्ही दीडशेत तीन घेतल्यात म्हणजे फसला नाहीत. ढीग बघून घासाघीस करा, एकेका रेकॉर्डवर करू नका. आणि हवी असलेली रेकॉर्ड दिसल्यावर चेहरा सरळ ठेवा. मला हे 27 वर्षांत जमलेलं नाही.

प्लेअरचं. पितळी कर्ण्याचे चकचकीत 'अँटिक' फोनो, म्हणजे ग्रामोफोन, घेऊ नका. त्यातले बहुतेक अलीकडे सुटे भाग जोडून बनवलेले असतात. हात वाकडा, साउंडबॉक्स (पिन धरणारी डबी) हलका-जड कसाही, रेकॉर्ड खरवडून काढतात. शोभेला ठेवायचा तर ठेवा. खरा चावीचा फोनो मिळाला तर त्यावर फक्त 78 लावायची आणि दर बाजूला पोलादी पिन बदलायची. लाखेत दगडाची पूड असते ती पिन झिजावी म्हणूनही. जुनी पिन ठेवली तर झिजायची पाळी रेकॉर्डवर येते. फोनोवर एलपी लावली तर एका फेरीत तिचा निकाल लागतो. सूटकेससारखे दिसणारे स्वस्त नवे प्लेअर सुरुवातीला मोह पाडतात. त्यांची सुई पाच-सहा ग्रॅम दाब देते, चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दीड-दोन ग्रॅम पुरतात. त्यापेक्षा जुना, बेल्टवर चालणारा, दुरुस्त केलेला टर्नटेबल शोधा, 78 ची गती असलेला मिळाला तर उत्तम. 78 साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई 78 च्या रुंद खाचेत तळाशी लोळत जाते आणि तळाचा कचराच तेवढा ऐकवते. लोक म्हणतात जुन्या रेकॉर्ड फार खरखरतात. निम्मी खरखर चुकीच्या सुईची असते.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या, तिरक्या नाहीत. एकावर एक रचल्या की खालच्या मरतात. गाडीत, उन्हाच्या खिडकीत, टीव्हीवर ठेवू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कपाट उघडं टाका.

एकट्याने करण्यापेक्षा माणसं गाठा. मुंबईत 1990 मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं खपून 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं. त्यातले लेख वाचलेत तर दोन वर्षांची धडपड वाचेल.

आईंना सांगायला एक गोष्ट देतो. 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरवलं. भारतातून निवड झाली केसरबाई केरकरांच्या भैरवीची, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई; मुद्रणाच्या बाबतीत त्यांच्याएवढं अनिच्छुक माणूस शोधून सापडणार नाही. निवड झाली, पण रेकॉर्ड कुठे मिळेना, छपाई बंद झालेली. शेवटी ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात सापडली, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात. आता ती भैरवी ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. आणि जी पाठवली तीही तबकडीच, सोन्याचा मुलामा दिलेली, सोबत सुई.

तुमच्या दोन 78 पैकी कुठल्या बाजू करड्या आहेत ते आज उजेडात बघून ठेवा, प्लेअर यायच्या आधी. मग प्लेअर आल्यावर पहिल्यांदा कोरी बाजू लावा.

माझ्याकडे हिराबाई बडोदेकरांची एक रेकॉर्ड आहे, नारायण पेठेतल्या पाडायला काढलेल्या वाड्यातून आलेली. एका बाजूच्या लेबलवर वहीचा चौकोनी कागद खळीने चिकटवलाय, त्यावर टाकाने, बाईच्या अक्षरात: 'ही लावू नये.' दुसरी बाजू घासून घासून जवळजवळ पांढरी पडलीय, काहीच ऐकू येत नाही. मी बरेच दिवस ती चिठ्ठीवाली बाजू लावली नाही. मग एकदा लावली. चीर नाही, ओरखडा नाही, खणखणीत वाजते.